देवमाशांच्या गावांना मार्चमध्ये जायचं तर: न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे पाच दिवस

बॉस्टनच्या आसपास नव्यानं राहायला आलेली आपली मंडळी पहिल्याच जुलैत केप कॉडला जातात. पुलाच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, बीचवर पार्किंग मिळत नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन 'झालं एकदा केप कॉड' म्हणून विषय संपतो. याच किनाऱ्यावरची काही गावं एकोणिसाव्या शतकात देवमाशाच्या शिकारीवर उभी राहिली. त्यांनी आणलेल्या तेलावर घराघरांतले दिवे जळत होते, दीपगृहं उजळत होती आणि गिरण्यांची चाकं फिरत होती. उन्हाळ्यात ही गावं आइस्क्रीमच्या रांगांमागे लपलेली असतात. थंडीत रस्ते मोकळे होतात, हॉटेलांचे दर उतरतात, आणि संग्रहालयातल्या माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

मी ही फेरी तीनदा केली. एकदा ऑक्टोबरात, एकदा डिसेंबरात आणि एकदा मार्चअखेरीला बाबांना घेऊन. तिसऱ्या फेरीनंतर माझं मत पक्कं झालं की जायचं ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. आणि जायचं ते एका ठरावीक क्रमानं: आधी शिकारीचं जहाज, मग त्या पैशावर वाढलेलं शहर, मग ज्या बेटावर हा धंदा भरभराटीला आला ते बेट, आणि शेवटी जिवंत देवमासा. त्यासाठी तिकीटही लागत नाही. त्या दिवसांत तो किनाऱ्याच्या इतका जवळ येतो की वाळूत उभं राहून दिसतो.

तारखा आणि वार

इथे ऑफ सीझन म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावरच्या लाँग वीकेंडपासून मेअखेरच्या मेमोरियल डेपर्यंत. पण हे सात महिने सारखे नसतात. डिसेंबरात सूर्य सव्वाचारला मावळतो, संग्रहालयातून बाहेर पडावं तर गाव काळोखात. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येकडून येणारी वादळं बोटी बंद पाडतात आणि बेटावरची बरीच हॉटेलं कुलूपबंद असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, सूर्यास्त पावणेसातच्या पुढे सरकतो आणि दिवस हातात येतो.

थंडीत ही संग्रहालयं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात आणि ते दिवस दरवर्षी बदलतात. आधी संग्रहालयांच्या वेळा बघा आणि मगच हॉटेल बुक करा. बहुतेक जण उलटं करतात आणि बंद दारासमोर फोटो काढून येतात. गुरुवारी निघून सोमवारी परतलात तर बहुतेक सगळं जुळून येतं.

हॉटेलला वेबसाइटवरून बुकिंग केलंत तरी एक फोन करा. नाश्ता चालू आहे का, रात्री रिसेप्शनवर कोणी असतं का, जवळ संध्याकाळी उघडं काय असतं, हे तीन प्रश्न दोन मिनिटांत सुटतात.

कपडे, खाणं, औषधं

थर्मामीटरवर ६-७ अंश दिसतील आणि तुम्हाला वाटेल की एवढं काय, महाबळेश्वरलाही असतं. फरक वाऱ्याचा आहे. धक्क्यावर तो कापडातून आरपार जातो. जाड स्वेटरपेक्षा आत थर्मल, मध्ये लोकर आणि वर वारा अडवणारं टोपीचं जॅकेट असे तीन थर घ्या. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे हवेतच. छत्री घरी ठेवा, ती दहा मिनिटांत उलटी होते. दुर्बीण मात्र विसरू नका, ८ किंवा १० पट दाखवणारी पुरे.

शाकाहारी असाल तर थोडी तयारी लागते. चाउडर नावाचं पांढरं दाट सूप सगळीकडे मिळतं, त्यात शिंपल्यांचं मांस असतं आणि बरेचदा डुकराच्या चरबीची फोडणी. पालेभाजीचं दिसणारं पोर्तुगीज केल सूप सॉसेज घालून उकळलेलं असतं. बटाट्याचे फ्राइज माशांच्याच तेलात तळलेले असू शकतात. विचारलंत की खरं सांगतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. तरी ऑफ सीझनला रात्री आठनंतर गावात एखादंच हॉटेल उघडं असतं हे लक्षात घेऊन इलेक्ट्रिक किटली, मेतकूट, थालीपीठं, चिवडा बरोबर असू द्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. नॅनटकेट बेटाच्या खाडीतल्या स्कॅलॉप नावाच्या छोट्या शिंपल्यांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असतो, ताजे खायचे तर हेच दिवस.

आई-वडील बरोबर असतील तर एक नियम मोडू नका. गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत हव्यात, गाडीच्या डिकीत नकोत. का, ते बेटावर पोहोचल्यावर सांगते.

गुरुवार: मिस्टिक, जहाजाच्या पोटात

बॉस्टनहून कनेक्टिकटमधलं मिस्टिक साधारण १०० मैल, पावणेदोन ते दोन तास. गाडी नसेल तर ॲमट्रॅकची आगगाडी मिस्टिकला थांबते. इथल्या मिस्टिक सीपोर्ट म्युझियममध्ये 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे जहाज पाण्यात उभं आहे. १८४१ साली न्यू बेडफर्डला बांधलेलं हे जहाज ८० वर्षांत ३७ सफरी करून आलं. शिकारीच्या त्या सगळ्या ताफ्यातलं हे एकमेव लाकडी जहाज आज जगात उरलंय. १९४१ मध्ये ते मिस्टिकला आलं, आणि २०१४ मध्ये दुरुस्त होऊन अडतिसाव्या सफरीला निघालं. तेव्हा त्याच्यावर हार्पून, म्हणजे शिकारीचे भाले, नव्हते, शास्त्रज्ञ आणि कलाकार होते.

डेकवर चढल्यावर आधी विटांची भट्टी शोधा. तिच्यात दोन मोठ्या लोखंडी कढया बसवलेल्या आहेत. आपल्याकडचं गुऱ्हाळ पाहिलं असेल तर ही भट्टी समजायला दुसरं काही लागत नाही. चुलवाणावर काहील, बाजूला रस, आणि जाळायला त्याच उसाची वाळलेली चिपाडं. इथेही तेच. देवमाशाच्या चरबीचे तुकडे कढईत टाकायचे, तेल सुटलं की उरलेली कुरकुरीत साल काढून त्याच भट्टीत सरपण म्हणून घालायची. म्हणजे मासा स्वतःच्याच आगीवर कढायचा. तुकडे लवकर वितळावेत म्हणून त्यांना पातळ चिरा द्यायचे, पुस्तकाच्या पानांसारख्या. खलाशी त्यांना 'बायबलची पानं' म्हणत. फरक एवढाच की गुऱ्हाळ शेतात असतं आणि ही भट्टी भर समुद्रात, लाकडी डेकवर, रात्रंदिवस पेटलेली. खाली लाकूड पेटू नये म्हणून विटांच्या तळाशी पाण्याचं टाकं ठेवलेलं असे.

मग खाली उतरा. डेकखालची चरबी कापायची जागा इतकी बुटकी आहे की माझ्यासारख्या सव्वापाच फुटीलाही वाकून चालावं लागलं. पुढच्या टोकाला खलाशांच्या फळ्या आहेत, एकावर एक, माणूस कसाबसा कूस बदलू शकेल एवढ्याच. मागच्या टोकाला कप्तानाच्या खोलीत जहाज कलंडलं तरी सपाट राहणारा डुलता पलंग आहे. त्या दोन टोकांमधलं अंतर पावलांनी मोजून बघा, एका मिनिटाचंही नाही. आणि तीन-चार वर्षांच्या सफरीनंतर मिळकतीतला फरक असा: कप्तानाला साधारण पंधरावा हिस्सा, नवख्या पोराला पावणेदोनशेवा, त्यातूनही जहाजावर घेतलेल्या कपड्यांचे आणि तंबाखूचे पैसे वजा. पगार कोणालाच नाही, सगळं वाट्यावर. बाबा मूळचे गुहागरकडचे. ते ऐकून म्हणाले, "आपल्याकडे मासेमारीच्या होड्या अजून वाट्यावरच चालतात. फक्त आपला तांडेल संध्याकाळी घरी येतो."

इथे तीन तास द्या. किनाऱ्यावरची दोर वळायची लांबलचक शेड आणि पिंपं बनवणाऱ्याचं दुकानही बघा. पिंपाचं काम साधं वाटतं, पण ते गळलं तर चार वर्षांची मेहनत समुद्रात. साडेचारच्या सुमारास निघून प्रॉव्हिडन्समार्गे न्यू बेडफर्डला मुक्काम करा, ७५ मैलांच्या आसपास आहे.

शुक्रवार: न्यू बेडफर्ड

पाच दिवसांपैकी एकच जमत असेल तर हा घ्या. २४ मार्च २०२५ पासून बॉस्टनच्या साउथ स्टेशनहून न्यू बेडफर्डला लोकल गाडी सुरू झाली आहे, त्यामुळे गाडी नसलेल्या विद्यार्थ्यांनाही हे शहर आवाक्यात आलंय.

सुरुवात विल्यम स्ट्रीटवरच्या नॅशनल पार्कच्या केंद्रापासून करा. प्रवेश फुकट, नकाशा फुकट, आणि थंडीत तिथला रेंजर तुमच्यासाठी खुर्चीवरून उठून येतो. शहराचे मोठे आकडे त्यांच्याकडूनच ऐका. १८५७ मध्ये या एका बंदराची ३२९ शिकारी जहाजं होती आणि त्यांवर सुमारे १०,००० माणसं. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं. रॉकेल स्वस्त झालं आणि देवमाशाच्या तेलाची गरज ओसरत गेली. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजं अडकली आणि सोडून द्यावी लागली. बाराशेहून जास्त माणसं उघड्या होड्यांतून निघाली आणि सगळी वाचली. शहराचं नशीब मात्र त्या बर्फात राहिलं.

तिथून चालत पाच मिनिटांवर, जॉनी केक हिलवर, व्हेलिंग म्युझियम आहे. आत शिरताच मान वर करा. छताला देवमाशांचे सांगाडे टांगलेत. त्यातला ६६ फुटी निळा देवमासा पूर्ण वाढलेलाही नव्हता. १९९८ च्या मार्चमध्ये एका टँकरच्या टोकावर अडकून तो ऱ्होड आयलंडच्या खाडीत आला, मेलेला. त्याच्या हाडांतून तेल अजून झिरपतंय. खाली नळी लावून ते बाटलीत साठवलंय. त्या बाटलीजवळ जरा वेळ थांबा. मघाशी ऐकलेले सगळे आकडे या पिवळट तपकिरी थेंबाचे होते, आणि शिकार बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तो इथे ठिबकतोय. शेजारी राईट व्हेल जातीची एक मादी आहे, तीही जहाजाच्या धडकेनं मेलेली, आणि तिच्याबरोबर तिच्या पोटातल्या पिल्लाचा सांगाडा. बाबा तिथून हललेच नाहीत बराच वेळ. गणपतीपुळ्याच्या वाळूत २०२३ च्या नोव्हेंबरात अडकलेलं देवमाशाचं पिल्लू त्यांना आठवलं. त्याला पाण्यात परत नेण्यासाठी गावकऱ्यांपासून वनखात्यापर्यंत सगळे झटले होते, आणि तरी ते वाचलं नाही.

पुढच्या दालनात 'लगोडा' नावाच्या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे, ८९ फूट लांब, १९१६ मध्ये पूर्ण झालेली. तिच्यावर चढता येतं, मुलांना इथेच मोकळं सोडा. बलीनचा तुकडाही पाहा. काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी पाणी गाळायच्या झालरी असतात. त्या लवचिक पट्ट्यांपासून बायकांच्या कमरपट्ट्यांच्या आणि छत्र्यांच्या काड्या बनत, आजच्या प्लास्टिकच्या जागी.

रस्ता ओलांडला की सीमेन्स बेथेल, खलाशांचं १८३२ सालचं प्रार्थनाघर. भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत, ज्यांचं शरीर कधी परत आलं नाही त्यांच्या. १८४४ च्या एका पाटीवर लिहिलंय की हार्पून मारल्यावर दोराबरोबर कप्तान समुद्रात ओढला गेला आणि बुडाला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. पाट्या फक्त जुन्या नाहीत, विसाव्या शतकातल्या मासेमारी बोटींवरची नावंही आहेत. थंडीतल्या शुक्रवारी तिथे आम्ही दोघंच होतो आणि लाकडी बाकांवर बसून एकेक पाटी वाचत गेलो. समोरचं जहाजाच्या नाळेच्या आकाराचं व्यासपीठ पाहून फसू नका. हर्मन मेलव्हिलनं 'मोबी डिक' कादंबरीत तसं व्यासपीठ कल्पनेनं रंगवलं, प्रवासी येऊन ते शोधायला लागले, म्हणून १९६१ मध्ये बांधलं. मेलव्हिल स्वतः १८४१ च्या ३ जानेवारीला समोरच्या फेअरहेवनहून शिकारी जहाजावर गेला होता. जानेवारीत या धक्क्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की त्या तारखेचा अर्थ कळतो.

दुपारी दोन ठिकाणं पायी करा. सार्वजनिक वाचनालयाच्या आवारात लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराचा पुतळा आहे. १८४८ मध्ये त्यानं हार्पूनचं टोक असं बनवलं की ते मांसात शिरल्यावर आडवं फिरे आणि सुटत नसे. साऱ्या धंद्यानं ते उचललं. त्यानं पेटंट घेतलं नव्हतं. दुसरं, सेव्हन्थ स्ट्रीटवरचं नेथन आणि पॉली जॉन्सन यांचं घर. गुलामीतून पळालेला आणि पुढे गुलामीविरुद्धचा मोठा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये इथे आला, आणि डग्लस हे आडनावही त्यानं इथेच घेतलं. जहाजाच्या फटी बुजवायचं काम त्याला येत होतं, पण गोरे कामगार त्याच्याबरोबर काम करायला तयार नव्हते, म्हणून लाकडं फोडण्यासारखी मिळेल ती मजुरी केली. या शहराची श्रीमंती सांगताना हेही सांगायला हवं.

संध्याकाळी मासेमारीच्या धक्क्यावर जा. न्यू बेडफर्ड आजही स्कॅलॉपसाठी अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या उलाढालीच्या बंदरांपैकी एक आहे. गंजलेल्या बोटी, जाळ्यांचे ढीग, डिझेलचा वास, मिरकरवाड्याला गेलेल्याला ओळखीचं वाटेल. शिकारी जहाजांवर अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरून आलेल्यांची वस्ती इथे अजून आहे, म्हणून पोर्तुगीज बेकरीतला गोड पाव घ्या. त्यात अंडं असतं एवढं ध्यानात ठेवा. वेळ उरला तर पूल ओलांडून फेअरहेवनला मांजिरोचं घर आहे. १८४१ मध्ये वादळानं एका निर्जन बेटावर टाकलेल्या या चौदा वर्षांच्या जपानी कोळी पोराला शिकारी जहाजाच्या कप्तानानं वाचवलं आणि पुढे इथे आणून शाळेत घातलं. उघडं असलं तर जा, नसलं तर नुसतं गल्लीतून फिरलात तरी चालेल.

शनिवार-रविवार: नॅनटकेट

सकाळी तासाभरात हायॅनिसला पोहोचा. गाडी इथेच पार्किंगमध्ये सोडा, ती बेटावर न्यायचं भाडं अव्वाच्या सव्वा आहे आणि गाव पायी फिरण्याएवढं आहे. न्यू बेडफर्डहून बेटाला जाणारी जलद बोट फक्त उन्हाळ्यात चालते, तिच्या भरवशावर राहू नका. हायॅनिसहून दोन प्रकारच्या बोटी जातात. मोठी बोट सव्वादोन तास घेते, जलद बोट एक तास. थंडीत मोठीच घ्या. जलद बोट लाटांत जास्त आपटते आणि वारा वाढला की आधी तीच रद्द होते. पोटात ढवळत असेल तर मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी बसा आणि क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको.

आता गोळ्यांची गोष्ट. डिसेंबरच्या फेरीत आम्ही एका दिवसात जाऊन यायचा बेत केला. संध्याकाळी पाचला वारा उठला आणि शेवटच्या दोन्ही बोटी रद्द झाल्या. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या हायॅनिसला गाडीत. बेटावर त्या वेळी उघडी मिळालेली एकमेव खोली आमच्या बजेटच्या दुप्पट. रात्रभर आई मला धीर देत होती, खरं तर मी तिला द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. तेव्हापासून मी बेटावर मुक्काम धरूनच जाते, आणि बेट कधीच प्रवासाच्या शेवटच्या दिवशी ठेवत नाही. पुढच्या दिवशी भारताचं विमान असेल तर बेटाचा विचारच करू नका.

बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि त्यानंच या बेटाचं भाग्य फिरवलं. जहाजं मोठी होत गेली तशी ती भरलेल्या पिंपांसह आत येईनात आणि धंदा खोल पाण्याच्या न्यू बेडफर्डकडे सरकला. त्यात १८४६ च्या जुलैत आग लागली आणि तेलानं माखलेला बंदरभाग जळून गेला. १८६९ मध्ये शेवटचं शिकारी जहाज इथून निघालं. पैसा आटला म्हणूनच जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे काही उरलं नाही, आणि आज आपल्याला ती करड्या फळ्यांची गल्ली जशीच्या तशी दिसते.

आगीनंतरच्या वर्षी, १८४७ मध्ये, बांधलेल्या मेणबत्ती कारखान्यात आता व्हेलिंग म्युझियम आहे. ४६ फुटी स्पर्म व्हेलचा सांगाडा पाहून झाला की मागचा लाकडी दाबयंत्राचा भाग नीट समजून घ्या, कारण या गावाचा खरा सीझन हिवाळाच होता हे तिथे कळतं. स्पर्म व्हेलच्या डोक्यात मेणासारखा द्रव असतो. तो शरद ऋतूत उकळून पिंपांत भरून ठेवत. थंडीत तो गोठे. मग ऐन हिवाळ्यात ते घट्ट गोळे लोकरीच्या पिशव्यांत भरून तुळईखाली दाबायचे. त्या गारठ्यातही जे तेल पातळ राहून बाहेर येई ते सगळ्यात महाग, कारण ते थंडीत दिव्यात गोठणार नाही याची खात्री झालेली असे. उरलेला गोळा वसंतात पुन्हा दाबायचा, आणि शेवटी राहिलेल्या शुभ्र मेणाच्या मेणबत्त्या. त्या धुराशिवाय, वासाशिवाय जळत. शाळेत प्रकाशाच्या धड्यात वाचलेली कँडलपॉवर आठवते? ती याच मेणाच्या ठरावीक वजनाच्या मेणबत्तीवरून ठरली होती.

मग गावात भटका. घरांच्या छतांवर लाकडी सज्जे दिसतील. नवऱ्याच्या जहाजाची वाट पाहत बायका तिथे उभ्या राहत असं सांगतात, पण ते सज्जे मुख्यतः धुराड्यात आग लागली तर वरून वाळू ओतायला होते. बायकांना वाट पाहत उभं राहायला सवड नव्हती. नवरे वर्षानुवर्षं समुद्रावर, त्यामुळे सेंटर स्ट्रीटवरची दुकानं बायकाच चालवत, त्या भागाला 'पेटीकोट रो' असं नाव पडलं. याच बेटावरच्या मारिया मिचेलनं १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधला. तिचं घर व्हेस्टल स्ट्रीटवर आहे, थंडीत बाहेरूनच पाहावं लागतं. यॉर्क स्ट्रीटवरचं आफ्रिकन मीटिंग हाउसही पाहा. ते उभं राहण्यात हातभार असलेल्या ॲब्सलम बोस्टननं १८२२ मध्ये सगळे कृष्णवर्णीय खलाशी असलेलं शिकारी जहाज स्वतः कप्तान होऊन नेलं होतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या वस्तूंच्या दुकानांत देवमाशाच्या दातांवर जहाजं कोरलेली दिसतील, त्याला स्क्रिमशॉ म्हणतात. हात लावून बघा, विकत घेऊ नका. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदा, दोन्ही १९७२ चे, आणि भारतात अशी वस्तू नेणं म्हणजे थेट गुन्ह्यात अडकणं. 'व्हेलची उलटी' म्हणजे अंबर विकताना पकडलेल्यांच्या बातम्या रत्नागिरी-ठाण्याकडून येतच असतात, तोच कायदा.

सोमवार: प्रॉव्हिन्सटाउन, वाळूत उभं राहून

रविवारी संध्याकाळी परत हायॅनिसला येऊन झोपा. सोमवारी पहाटे उठून केप कॉडच्या टोकापर्यंत, प्रॉव्हिन्सटाउनला, ५० मैल. व्हेल बघायला नेणाऱ्या बोटी साधारण एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतात, त्यामुळे आपल्या तारखांना बोट नसेल. तुम्हाला जायचंय ते रेस पॉइंट किंवा हेरिंग कोव्हच्या किनाऱ्यावर. उन्हाळ्यात इथे पार्किंगला पैसे पडतात, मार्चमध्ये फुकट.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात केप कॉडच्या उपसागरात राईट व्हेल चरायला येतात. तांदळाच्या दाण्याएवढे तेलकट कोपेपॉड जीव त्या वेळी पाण्यात दाटलेले असतात. राईट म्हणजे 'योग्य' हे नाव शिकाऱ्यांनी दिलं असं सांगतात. संथ पोहणारा, किनाऱ्याजवळ येणारा, मेल्यावरही तरंगणारा, म्हणून मारायला योग्य. उत्तर अटलांटिकमध्ये आज हे पावणेचारशेच्या आसपास उरलेत. शिकार केव्हाच थांबली, आता ते जहाजांच्या धडकेनं आणि मासेमारीच्या दोरांत गुरफटून मरतात. म्हणून या महिन्यांत उपसागरात मोठ्या बोटींना वेग १० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरच्या, आत ठेवावा लागतो. त्यांच्यापासून ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५० मीटर, दूर राहणं कायद्यानं बंधनकारक आहे. ड्रोन उडवू नका. देवमासा स्वतःहून किनाऱ्याजवळ आला तर तुम्ही वाळूत आहात तिथेच राहा.

शोधायचं कसं: वारा कमी असलेली सकाळ निवडा, पाण्यावर पांढरे फेस नसावेत. आधी दुर्बीण लावू नका, उघड्या डोळ्यांनी पाण्याची पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला फवारा दिसला की तो राईट व्हेल. पाठ काळी, सपाट, वर पर नाही. डोक्यावर पांढरट खरखरीत गाठी. चरत असेल तर जबडा उघडा ठेवून पृष्ठभागावरून संथ सरकतो आणि तोंडातली झालर बाहेर दिसते, न्यू बेडफर्डला काचेमागे पाहिलेली तीच. किमान दोन तासांची तयारी ठेवा, थर्मासमध्ये चहा हवा. पक्ष्यांचा थवा एकाच जागी घिरट्या घालत असेल तर तिकडे जास्त लक्ष द्या.

आम्हाला सव्वा तास काही दिसलं नाही. बाबा जॅकेटची टोपी ओढून वाळूत बसले होते. मग हेरिंग कोव्हच्या समोर, नांगरलेली होडी असावी एवढ्याच अंतरावर, धूर उठल्यासारखं झालं. आवाज नंतर पोहोचला, बैलानं नाकातून जोरात श्वास सोडावा तसा. दुसरा फवारा, त्याच्या बाजूला लहान. बाबांनी दुर्बीण मला दिली नाही. ते नुसते मोजत राहिले, किती वेळानं वर येतात ते. मोठी आणि छोटी, दोघं मिळून उत्तरेकडे सरकत गेली आणि चाळीस मिनिटांनी रेस पॉइंटच्या वळणाआड गेली.

काही दिसलं तर जागा, वेळ आणि दिशा लिहून ठेवा. गावातलं सेंटर फॉर कोस्टल स्टडीज या देवमाशांच्या नोंदी ठेवतं. परतीला बॉस्टन अडीच तासांच्या आत. निघताना पेट्रोल गावातच भरा आणि ओले मोजे बदलून मगच गाडीत बसा.